शिवारातून रस्त्याची रेघ, नोटीस कन्नडमध्ये, २१ दिवसांतले १२ गेले. आता काय करता येईल?

शिवारकर · सोमवार, रात्री ११:५०

राम राम मंडळी. इथं वाचतो रोज, लिहितो कधीतरी. आज गरज पडली म्हणून लिहितोय, जरा लांब होईल.

घर बेळगावच्या वडगावात, जमीन येळ्ळूर रोडच्या अंगाला, एक एकर बारा गुंठे. मी उद्यमबागेत फौंड्रीत दुसऱ्या पाळीला, त्यामुळं शेत बाबाच बघतात. पावसाळ्यात भात, आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर. वरून एक घागर पाणी द्यावं लागत नाही. ही काळी काय चीज आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको.

मंगाईची यात्रा झाली त्या आठवड्यात भूसंपादनाची नोटीस लागली. कुठल्या रस्त्याची ते लिहीत नाही, गावात लगेच ओळखतात. कागद चिकटवला होता फळ्यावर, पूर्ण कन्नडमध्ये. शेजारच्या पोरानं फोटो काढून आणला. बाबांना कन्नड बोलायला येतं, बाजारात भाव करण्यापुरतं चोख येतं, पण वाचायला नाही. आकडेही कन्नड. कन्नड आकडे आणि मराठी आकडे दिसायला चुलत भाऊ, बाबांनी एक वाचला, निघाला दुसराच. 'आपला सर्व्हे नंबर नाही रे' म्हणून निवांत बसले. अकराव्या दिवशी कळलं की आपलाच आहे.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी मराठीत हरकत लिहून घेऊन गेलो. खिडकीवरच्या माणसानं वरची ओळ बघितली आणि कागद परत सरकवला. 'कन्नडदल्ली बरेदु कोडी.' म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. भांडलो नाही, कारण पाळी गाठायची होती. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, धाग्याचा रोख तिकडं जायला नको.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठीत हरकत घेतात की नाही, कायद्यानं? घेतली तरी तिचा उपयोग काय होतो? आणि तिसरी, जी मला खरी वाटते: आमच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी चढतं. त्यात आठ-दहा फुटांचा भराव आडवा टाकला तर जमीन न गेलेल्यांचंही भात बुडणार. ते कुणाला सांगायचं? नोटिशीत ज्याची जमीन जाते त्यालाच विचारलंय.


बांधावरचा · मंगळवार, सकाळी ६:१५

वकील गाठ बे आधी. बाकी सगळं नंतर. आमचं हेच करूलाल्यात म्हणत म्हणत वर्ष गेलं.


मोजणीदार · मंगळवार, सकाळी ९:३०

शिवारकर, आधी चहा घ्या. नऊ दिवस पुष्कळ असतात, वाया घालवले नाहीत तर.

मी भूमापनात नोकरी केली, आता घरी आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ चा महामार्ग कायदा लागतो. क्रम लक्षात ठेवा. कलम ३ए म्हणजे 'आम्ही ही जमीन घेऊ इच्छितो' अशी अधिसूचना. ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक देशी भाषेतलं. कुठली देशी भाषा ते कायदा सांगत नाही आणि आपल्याकडं घोळ तिथंच होतो. बेळगावात मराठी दैनिकं रोज घरोघरी पडतात, तरी कन्नड वर्तमानपत्रात छापून कायद्याचं पोट भरतं. ३सी म्हणजे हरकत, २१ दिवसांत, लेखी, कारणं देऊन. सक्षम प्राधिकाऱ्यानं सुनावणी द्यावीच लागते, तुम्ही स्वतः जा नाहीतर वकील पाठवा. त्यानंतर ३डी, म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा. ती झाली की जमीन सरकारची, मग भांडण उरतं ते फक्त पैशाचं, ३जी खाली. आणि ३ए नंतर वर्षाच्या आत ३डी झाली नाही तर ३ए बाद होते. कोर्टाच्या स्थगितीचे दिवस त्यातून वगळतात. तारखा वहीत लिहून ठेवा.

भाषेचं. घटनेचा ३५० वा अनुच्छेद बघा. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कुणीही माणूस केंद्राच्या वा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देऊ शकतो. मराठी चालते. खिडकीवरचा माणूस तसं म्हणाला म्हणून चिडू नका, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्याशी वाद घालत बसायचंही कारण नाही. मराठी हरकत आणि जोडीला कन्नड भाषांतर असे दोन्ही कागद द्या, मराठी प्रतीवर 'मूळ' असं लिहा. आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा. तिथं कायद्यात स्पष्ट लिहिलंय: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. म्हणजे आपल्याकडं कन्नड. मराठीत अर्ज परत आला तर बोंब मारून उपयोग नाही.


गोवागाडी · मंगळवार, दुपारी २:०५

सगळे एका बाजूनं बोलतील म्हणून लिहितो. माझी भाजीची गाडी आहे. संध्याकाळी बेळगावात भरायची, चोर्ल्यातून रात्रीत पणजी, उजाडायच्या आत बाजारात. कोबी, नवलकोल, मिरची, कोथिंबीर. तुमच्या शिवारातलीच भाजी, दुसऱ्या कुणाची नव्हे.

आता सांगा, अवजड गाड्या गावातून काढायच्या का? खानापूर रोडला कॉलेजची पोरं, रेल्वे गेटं, शाळा सुटायची वेळ. एखादी गाडी पोराला घासली की त्याच दिवशी 'बायपास कुठाय' म्हणून रास्ता रोको, आणि बायपास येतोय म्हटलं की 'जमीन देणार नाही' म्हणून रास्ता रोको. मला दोन्हीकडं थांबावं लागतं, गाडीत कोथिंबीर पिवळी पडत असते.

शेतकऱ्याच्या विरोधात नाही. माझा मामा हलग्याचा, त्याची जमीन सांडपाणी प्रकल्पाच्या बाजूला. पण रस्ता नकोच असं असेल तर ट्रक कुठून जायचे तेही सांगा.


शिवारकर · मंगळवार, दुपारी २:४०

गोवागाडी, तुमचं बरोबर आहे, आणि मी 'नकोच' म्हटलेलं नाही. रेघ इथूनच का, एवढंच विचारतोय. रेघ काढली तेव्हा कुणी विचारलं नाही. मारून झाल्यावर विचारतात, 'हरकत आहे का'.

हलगा-मच्छे बायपासचं आमच्या डोळ्यासमोर झालं. २०२१ च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात बुलडोझर घातले. शेतकरी झिरो पॉईंटवरून कोर्टात भांडत होते, की मूळ कागदात रस्ता सुरू होतो फिश मार्केटपासून, मग तो हलग्यात गेला कसा. त्यात कोण खरं ते कोर्ट सांगेल. पण रस्ता नेमका सुरू कुठून होतो, हा प्रश्न काम सुरू झाल्यावर विचारावा लागतो म्हणजे काय!


शहापूरचा_पुण्यात · मंगळवार, रात्री ९:२०

हे सगळं एकाच गोष्टीमुळं आहे आणि ती काय ते सगळ्यांना माहीत आहे. सीमाभाग जोवर इकडं येत नाही तोवर मराठी माणसाच्याच जमिनीवरून रेघ जाणार.


संपादक · मंगळवार, रात्री १०:३०

वरच्या प्रतिसादाखालचे सहा प्रतिसाद काढले आहेत. सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, रग्गड आहेत. इथं रस्ता, पाणी आणि हरकत एवढंच.


धारवाडचा_दोस्त · बुधवार, सकाळी ७:५०

माझी मातृभाषा कन्नड. मराठी बेळगावात शिकलो, कॉलेजात, खानावळीत. चुकलं तर सांभाळून घ्या.

शहापूरचे अण्णा म्हणतात ते अर्धंच खरं. बेळगाव-कित्तूर-धारवाड नव्या रेल्वेमार्गाचं बघा, साधारण ७३ किलोमीटर. गर्लगुंजी, नंदिहळ्ळीच्या मराठी शेतकऱ्यांनी सांगितलं की सुपीक जमिनीतून नको, पडीक माळावरून न्या. पुढं कित्तूरकडं जमिनी गेल्या त्या कन्नड बोलणाऱ्यांच्या, आमच्या नात्यातल्या लोकांच्या. त्यांच्या नोटिसा कन्नडमध्येच होत्या. माझ्या आईनं वाचली आणि मला फोन केला, 'काय लिहिलंय ते सांग'. ती कन्नड शाळेत सातवी शिकलेली बाई. सरकारी कन्नड आणि घरची कन्नड यांची ओळखसुद्धा नाही. 'अधिसूचित क्षेत्राच्या परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे' हे कुठल्याही भाषेत लिहा, शेतकऱ्याला ते परकंच.

भाषांतर मी करून देतो, शिवारकर. पैसे नकोत. मसूर द्या.


नाल्याकाठची · बुधवार, सकाळी १०:१०

मला नोटीस आलेली नाही, येणारही नाही, कारण माझ्याकडं शेत नाही. घरात दोन माग आहेत, नाल्यापासून तिसऱ्या गल्लीत. २०१९ च्या ऑगस्टात मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलं ते चार दिवस निघालं नाही. ताण्यावरची अर्धी साडी वाया गेली, मोटार जळली. सासूबाई म्हणाल्या, 'चाळीस वर्षांत एवढं पाणी इथवर आलं नव्हतं.'

पाऊस तेव्हा जास्त होता, मान्य. पण नाल्याची रुंदी जिथं तिथं कमी झालीय. कुणी भिंत घातली, कुणी माती ढकलली, जलपर्णी वर्षभर तशीच. पुढं हायवेच्या मोरीतून जाईल तेवढंच पाणी जातं, बाकीचं मागं फुगतं. आता त्याच्या मागं अजून एक भराव घालणार. शिवारकरदादा, तुमची हरकत नाकारली तर तुम्हाला निदान मोबदला मिळेल. आम्हाला पाणी मिळेल.

माझ्यासारखीनं हरकत कुठं द्यायची, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.


मोजणीदार · बुधवार, दुपारी १२:२०

नाल्याकाठच्या ताईंचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात नेमका आहे, आणि उत्तर कडू आहे. ३सी खाली 'जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती' एवढीच हरकत घेऊ शकते. पाणी ज्याच्या घरात जाणार तो त्यात बसत नाही.

मग पर्यावरण जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं ती होते तेव्हा कुणीही उभं राहून बोलू शकतं, जमीन असो नसो. निदान ३० दिवस आधी सूचना, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, सगळ्याचं चित्रीकरण, शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. हे सगळं कागदावर चांगलं आहे. पण प्रत्येक प्रकल्पाला ही सुनावणी लागत नाही. असलेल्या महामार्गाच्या विस्ताराला १०० किलोमीटरच्या वर असेल तरच, असा बदल २०१३ मध्ये केला. आणि रेल्वेमार्ग तर त्या यादीतच नाहीत. धारवाडच्या दोस्तानं सांगितलेल्या ७३ किलोमीटरसाठी ही सुनावणी त्या अधिसूचनेखाली मागताच येत नाही.

म्हणून ताईंनी दोन गोष्टी कराव्यात. एक, ज्यांना नोटीस आलीय त्यांच्या हरकतींना आपल्या गल्लीचं पाण्याचं निवेदन जोडायला द्यावं. दोन, तेच निवेदन वेगळं महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावं, अनुच्छेद ३५० चा उल्लेख करून, मराठीत. उत्तर येईलच असं नाही. पण उद्या पाणी आलं तर 'आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं' असं कुणाला म्हणता येणार नाही.


जांबोटीची_सून · बुधवार, रात्री १०:४५

माहेर चंदगडकडं, सासर जांबोटी भागात. तुमच्याकडं रस्ता नको म्हणून भांडण, आमच्याकडं रस्ता मिळत नाही म्हणून. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झालं. आतल्या गावांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पक्का रस्ता करायचा म्हटलं की जंगल खात्याची परवानगी, परवानगी म्हटलं की वाघ. वाघ नको असं आम्ही म्हणत नाही. पिढ्यानपिढ्या त्याच्या शेजारी राहिलोय. काही कुटुंबं पैसे घेऊन बाहेर यायला तयार आहेत, काही मेलो तरी देव सोडून येणार नाही म्हणतात. दोघांचंही ऐकावं की नाही?

म्हादई आमची देगावातनं निघते, मलप्रभा कणकुंबीतनं. म्हादईचं पाणी कळसा-भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं. लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तीन राज्यांचे वकील वर्षानुवर्षं भांडले. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे हे खरंच आहे, तिकडची माणसं काय पाण्याविना राहायची? पण ज्या गावातनं कालवा खणला त्या गावाच्या विहिरींना काय होणार, झरे आटले तर काय, हे विचारायला त्या लवादात कणकुंबीची ग्रामपंचायत नव्हती. राज्यं होती.

आणि भाषेचं म्हणाल तर पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा परत आला ३१ जुलै २०२४ ला. खानापूर तालुक्यातली गावं त्यात. हरकतीला ६० दिवस. मसुदा राजपत्रात, हिंदी आणि इंग्रजीत. आमच्या गावात अफवा काय उठली माहितीये? 'आता घराला कौलं बदलायलासुद्धा परवानगी लागणार.' तसं काही त्यात नाही. खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज, मोठी बांधकामं, लाल यादीतले कारखाने यांच्यावर बंदी होती. पण वाचणार कोण? अफवा मराठीत होती, मसुदा नव्हता. लोकांनी अफवेवर सह्या केल्या.


धारवाडचा_दोस्त · गुरुवार, सकाळी ८:०५

जांबोटीच्या आक्का, याला आधार आहे. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला होता तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला आदेश दिला, घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. त्यात मराठीही आली, कन्नडही आली. तो आदेश त्या एका मसुद्यापुरता होता, केंद्रानं त्यावरही कुरकुर केली. तरी निवेदनात लिहायला काय हरकत आहे.


बांधावरचा · गुरुवार, सकाळी ८:३०

दोस्ता तू वकील आहेस की काय रे


धारवाडचा_दोस्त · गुरुवार, सकाळी ८:३४

शिक्षक आहे. सुट्टीत वाचतो.


गोवागाडी · गुरुवार, रात्री ११:१५

पणजीत माल उतरवून बसलोय, मोबाईलवर सगळा धागा वाचला. नाल्याकाठच्या ताईंचं वाचून जरा गप्प झालो. मोऱ्यांचं मला ठाऊक आहे. पावसात गाडी चालवताना कुठं पाणी रस्त्यावर येतं ते ड्रायव्हरला इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं, कारण बुडतो तो. जुना धारवाड रोड, धामणे रोड, अलारवाडकडची बाजू, सगळ्या जागा दाखवतो पाहिजे तर. रस्ता व्हावा असं माझं मत तेच आहे. पण भराव टाकायचा तर पाण्याला वाट ठेवून टाका, एवढं मी पण लिहून देतो.


मोजणीदार · शुक्रवार, सकाळी ९:००

आता कामाचं. गोवागाडींनी सुरुवात करून दिली ती बरी केली.

हरकतीत 'आमची जमीन सुपीक आहे, आमचं पोट त्यावर आहे' हे लिहा, जरूर लिहा, पण त्याला उत्तर ठरलेलं असतं: 'सार्वजनिक हित'. एका ओळीत निकाल. पाण्याचा मुद्दा आकड्यांनी मांडला तर एका ओळीत नाकारता येत नाही. म्हणून आपला नकाशा आपण करायचा, आणि आत्ताच, कारण पाणी आत्ता आहे. मार्चमध्ये शिवार बघायला आलेल्या माणसाला तिथं कोरडी काळी जमीन आणि मसूर दिसतो. रेघ बहुतेक अशाच कोरड्या दिवसांत काढली जाते, असा माझा नोकरीतला अनुभव.

दिशांक नावाचं सरकारचंच ॲप आहे, उभं राहाल तिथला सर्व्हे नंबर दाखवतं. ते हातात धरून नाल्याच्या दोन्ही काठांनी चाला. पाणी जिथवर चढलंय तिथं विजेच्या खांबावर, विहिरीच्या कठड्यावर, मागाच्या घराच्या भिंतीवर ऑइलपेंटची रेघ मारा, तारीख घाला, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा. जुनी माणसं सांगतील २०१९ ला कुठवर आलं होतं, त्याची वेगळी रंगाची रेघ. मग जुन्या रस्त्यांच्या मोऱ्या मोजा, रुंदी, उंची, आत किती गाळ. पाच मोऱ्यांचं तोंड मिळून किती आणि नाल्याचं पात्र किती, हे एका कागदावर शेजारी शेजारी ठेवलं की इंजिनिअरला बोलावंच लागतं.

हरकतीत मागायचं काय? रस्ता रद्द करा हे मागाच, पण त्याखाली दुसरी मागणीही घाला: सविस्तर प्रकल्प अहवालातला पाण्याच्या निचऱ्याचा भाग दाखवा, कुठल्या साखळीला (रस्त्याच्या कितव्या मीटरला) किती रुंदीची मोरी धरली आहे, कुठल्या वर्षाचा पूर धरला आहे. आणि पाणी चढतं त्या पट्ट्यापुरता तरी भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता. महाग पडतो, नाही म्हणतील. लेखी म्हणू द्या.

माती कुठून आणणार तेही विचारा. रस्त्यासारख्या लांबलचक कामांना माती-मुरूम काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती २०२० मध्ये, ती सर्वोच्च न्यायालयानं २१ मार्च २०२४ ला रद्द केली. म्हणून कुठली टेकडी खाणार ते लेखी विचारा.

माहिती अधिकाराला ३० दिवस लागतात आणि हरकतीला २१ आहेत, हा विनोद तुमच्या लक्षात आला असेल. त्यामुळं अर्ज टाकाच, पण कागदपत्रं बघायला मिळाली नाहीत हे हरकतीतही लिहा. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(सी) प्रमाणं लोकांवर परिणाम होणाऱ्या निर्णयांची माहिती न मागता जाहीर करायची असते, तेही लिहा.

आणि सगळ्यांनी मिळून एक अर्ज देऊ नका. भावकीचं प्रेम दाखवायची ही जागा नव्हे. प्रत्येक खातेदाराचा वेगळा अर्ज, वेगळी पोहोच. नकाशा मात्र सगळ्यांना एकच जोडा.

उताऱ्यावर आज्याचं नाव असेल आणि आजा जाऊन तीस वर्षं झाली असतील, तर वारसा नोंद या आठवड्यात टाका. हरकत 'संबंधित व्यक्ती नाही' म्हणून उडते ती बहुतेक इथंच. मोबदलाही इथंच अडकतो, आणि मग चुलते-पुतणे कोर्टात.


शिवारकर · शनिवार, रात्री १२:१०

मोजणीदार काका, उताऱ्यावर आज्याचंच नाव आहे. आज बाबांना विचारलं तर म्हणाले, 'कशाला काढायचं, जमीन त्यांचीच की.'


जांबोटीची_सून · शनिवार, दुपारी १:३०

थोडं हसायचं असेल तर सांगते. बसचं. कर्नाटकातल्या बायकांना फुकट बसची शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, मी खानापूरला फुकट जाते. आई आली माहेराहून तर तिचं आधार महाराष्ट्राचं, तिला पूर्ण तिकीट. शिनोळीच्या पलीकडं एसटीत अर्ध्या तिकिटात जाते. आम्ही दोघी एका सीटवर, एकीला शून्य, एकीला पूर्ण. सीमा सगळ्यात आधी कंडक्टरला दिसते.

पण मुद्दा वेगळा. आमच्या गावची सकाळची बस पोरींच्या कॉलेजच्या वेळेला चुकायची. पुढाऱ्यांना सांगून झालं. शेवटी आम्ही बायकांनी महिनाभर वहीत लिहिलं: कुठल्या दिवशी बस किती वाजता आली, किती पोरी थांबल्यावर राहिल्या, कितीजणी दुधाच्या टेम्पोतून गेल्या. ग्रामसभेत ठराव करून वही जोडली आणि आगाराला दिली. दोन महिन्यांनी वेळ बदलली. निवेदनं आधीही दिली होती, त्यात 'गैरसोय होते' असं लिहिलेलं असायचं. वहीत आकडे होते. काका म्हणतात ते तेच.


शहापूरचा_पुण्यात · शनिवार, रात्री ८:००

परवाचं जरा घाईत लिहिलं होतं. मला नकाशे जमतात, कामच ते आहे. फोटो आणि ठिकाणं पाठवा, एका पानावर पाण्याची रेघ, रस्त्याची रेघ आणि सर्व्हे नंबर बसवून देतो. मराठी आणि कन्नड दोन्ही आकड्यांत.


शिवारकर · पुढचा बुधवार, रात्री १:१५

पाळी संपवून आत्ता आलो. तपशील लिहितो, कुणाला पुढं उपयोगी पडेल.

रविवारी आम्ही अकराजण नाल्यानं चाललो. गुडघाभर चिखल. गोवागाडी आले, गमबूट घालून. नाल्याकाठच्या ताई आल्या, सासूबाईंना घेऊन. त्या आजींनी २०१९ चं पाणी कुठवर होतं ते चौदा घरांच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं, एका ठिकाणी त्यांचा हात आणि भिंतीवरची जुनी ओल बरोबर जुळली. मोऱ्या सात मोजल्या. दोन गाळानं निम्म्याच्या वर भरलेल्या. एका मोरीच्या तोंडात गादी अडकलेली होती, पूर्ण डबल बेडची. ती बाहेर काढायला अर्धा तास गेला आणि नकाशात ती कुठल्या रंगानं दाखवायची यावर अजून अर्धा.

नकाशा सोमवारी रात्री आला. बाबांनी तो जेवायच्या पाटावर पसरून बघितला. निळी रेघ लाल रेघेला चार ठिकाणी छेदते. बाबा म्हणाले, 'हे मला माहीत होतंच की.' मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी आपण होऊन वारसा नोंदीचा अर्ज टाकायला गेले, आज्याच्या मृत्यूचा दाखला ट्रंकेतून काढून.

काल विसावा दिवस. एकोणतीस अर्ज. मराठी मूळ, मागं दोस्तानं केलेलं कन्नड, त्यामागं नकाशा. खिडकीवर तोच माणूस होता. वरचा मराठी कागद बघून सरकवायला लागला तेवढ्यात मागचा नकाशा त्याला दिसला. उलटून बघितला. कन्नडमध्ये विचारलं, 'ही निळी रेघ काय?' मी सांगितलं. तो म्हणाला, त्याचं घर ओल्ड धारवाड रोडला, त्याच्याही घरात २०१९ ला पाणी आलं होतं. मग एकोणतीस शिक्के मारले, एकेक करून. पंचवीस मिनिटं लागली. रांगेतले लोक शिव्या देत होते.

सुनावणीची तारीख अजून नाही. काका, सुनावणीत मराठीत बोललो तर नोंद कशात करतात?


मोजणीदार · बुधवार, सकाळी ६:४०

नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करतील. म्हणून बोलायचं ते लिहून न्या, शेवटी 'माझं लेखी म्हणणं हेच धरावं' म्हणून तिथंच सही करून द्या. दोस्ताला सोबत न्या. तो शिक्षक आहे, कुणी काय नोंदवलं ते वाचून दाखवेल. आणि निकाल काहीही लागो, त्याची प्रत मागून घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका.


नाल्याकाठची · बुधवार, सकाळी ७:१०

महापालिकेला दिलेल्या आमच्या निवेदनाला अजून पोहोच मिळालेली नाही, परत जाते आज. दादा, सासूबाई विचारतात, ती मोरी साफ करायला परत कधी जायचं? गाळ तसाच आहे म्हणतात.


गोवागाडी · बुधवार, सकाळी ७:२५

रविवारी. मी फावडी आणतो, चार आहेत गाडीत. सात वाजता धामणे रोडच्या मोरीपाशी या. चहाचा थर्मास कुणीतरी आणा.